इंदुरात कुत्रं आणायच्या तीन वाटा: पिल्लू नंतर बघा, देणारा आधी

राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, मराठी घरात कुत्रं आणायचं ठरलं की वाद ठरलेला. मुलांना लॅब्रॅडोर, म्हणजे लॅब हवा, आजीला काहीच नको, आणि तेवढ्यात समोरच्या काकू गल्लीतल्या सहा पिल्लांचा फोटो ग्रुपवर टाकून मोकळ्या. देशी की जातिवंत यावर आठवडाभर काथ्याकूट चालतो. ते कुणाच्या हातून घ्यायचं, हे मात्र रविवारी दुपारी गाडीत बसता बसता ठरतं. पुढचा बराचसा मनस्ताप या घाईतून येतो. म्हणून इथे परीक्षण कुत्र्यांचं नाही, देणाऱ्यांचं आहे: दुकान आणि एजंट, दत्तक देणारी मंडळी, आणि ब्रीडर.

तिघांनाही पहिला प्रश्न एकच विचारायचा. ‘सहा महिन्यांनी जमलं नाही, तर कुत्रं परत घ्याल का?’ चांगली संस्था आणि चांगला ब्रीडर या प्रश्नावर उलट बजावून सांगतात, की आम्हाला न विचारता दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. बाकीचे हसतात.

दुकान, एजंट, ऑनलाइन जाहिरात: ५ पैकी ०

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, पण शून्य का, ते समजून घ्या. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विक्रीआधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची चिप लागते आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८चे वेगळे नियम आहेत, त्यांतही नोंदणी सक्तीची आहे. विक्रेता ‘दो महिने का है’ म्हणाला की पिल्लाचं तोंड उघडून बघा. ८ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात जवळजवळ सगळे आलेले असतात. मागचे दात अजून हिरडीतच असतील तर पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं आहे. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकत नाही. ते भावंडांशी खेळताना शिकायचं असतं. घरी आल्यावर ते मुलांच्या हातावर शिकतं.

दुसरी अडचण पार्व्होची, म्हणजे पिल्लांचा जीव घेणाऱ्या विषाणूची. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं साधारण ६ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान कधीतरी संपतात. ती भरपूर असेपर्यंत लस लागू पडत नाही. ती कमी झाली पण लस अजून नीट लागू पडलेली नाही, अशा फटीत विषाणू पिल्लाला गाठतो. लस एकदा टोचून भागत नाही, दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत द्यावी लागते, ती याचसाठी. आता एका पिंजऱ्यात चार ठिकाणची पिल्लं ठेवली, की लागण दुकानात होते आणि उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब तीन ते सात दिवसांनी तुमच्या घरी सुरू होतात. विक्रेता म्हणतो, ‘हमारे यहाँ तो खेल रहा था.’ गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो. आणि असं पिल्लू दगावलं तर विषाणू फरशीत, अंगणात कित्येक महिने टिकतो. साध्या फिनाइलने तो जात नाही. जागा आधी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात पुसून दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. मातीचं अंगण असं धुता येत नाही, म्हणून पुढचं पिल्लू लसींचा पूर्ण कोर्स झालेलंच आणावं.

बाजारातले शब्दही ओळखून ठेवा: ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’. हेवी बोन लॅब म्हणजे पुष्कळदा अति खाऊ घातलेलं पिल्लू, आणि ते वजन वाढत्या सांध्यांवर पडतं. पंच फेस म्हणजे चपटं, अर्धवट बंद नाक, ज्याचे पैसे तुम्ही जास्त मोजता.

दत्तक: चांगल्या फॉस्टरकडून ५ पैकी ४, नुसत्या फोटोवरून २

दत्तक म्हटलं की सगळ्यांना पिल्लू आठवतं. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराने मात्र दीड ते तीन वर्षांचं, महिनाभर तरी कुणाच्या घरात फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळलेलं कुत्रं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत. उंची, आवाज, मांजर दिसल्यावर काय करतं, एकटं किती वेळ राहतं, सगळं समोर दिसतं. रस्त्यावरच्या पिल्लाबाबत हे काहीच कळत नाही. ते १२ किलोचं होईल की २५, हेही सांगता येत नाही, आणि स्वभाव घडायचा नाजूक काळ, म्हणजे ३ ते साधारण १४ आठवड्यांचा, कुठे आणि कसा गेला ते कुणालाच ठाऊक नसतं. पिल्लूच हवं असेल तर अशा कुणाकडून घ्या, ज्यांनी ते माणसांच्या हाताळणीत, मिक्सर-कुकरच्या आवाजात वाढवलंय.

‘देशी कुत्र्याला आजारच होत नाहीत’ हे निव्वळ दंतकथेत जमा. चपटं नाक, खुब्यांचे जन्मजात दोष वगैरे त्यांच्यात कमी दिसतात, हे खरं. पण पार्व्हो, डिस्टेंपर आणि गोचीड जात विचारून येत नाहीत. घेण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्या: प्लेटलेट्ससह पूर्ण मोजणी आणि गोचीड-तापासाठी, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसियासाठी, काचेवर पसरलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकातून तपासणी किंवा पीसीआर. प्लेटलेट्स कमी, हिरड्या फिकट, अधूनमधून ताप असेल तर डॉक्टर हाच संशय आधी घेतात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. आठव्या दिवशी कुत्रं टुणटुणीत दिसतं, घरचे गोळ्या बंद करतात आणि दुखणं उलटतं. मोठ्या कुत्र्याच्या जननेंद्रियातून सतत रक्त येत असेल तर मादी माजावर आहे असं गृहीत धरू नका. टीव्हीटी नावाची, कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारी गाठ असू शकते. ऐकायला भयंकर वाटतं, पण व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांत ती बहुधा पूर्ण बरी होते. तेवढ्यासाठी कुत्रं नाकारू नये, उपचार पुरे झाल्याचा कागद मात्र मागावा.

कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, एवढंच कळतं. रेबीजची लस त्या वेळी दिली असली तरी ती चालू आहे की नाही, हे कानावर लिहिलेलं नसतं. तारीख सापडत नसेल तर लस पुन्हा टोचून घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पहिल्या आठवड्यात, आणि तो आजाराचा नसतो. कुत्रं पळून जातं. दूधवाला येतो, फाटक अर्धं उघडं राहतं, संपलं. घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून गळ्यातल्या पट्ट्यातून सहज सुटतं. म्हणून पहिला महिना हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आणि गळपट्टा दोन्ही, दोघांना वेगळी दोरी. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवा. पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, शेजारच्यांची ‘बघायला येतो’ वारी तर नकोच. विजय नगरच्या सातव्या मजल्यावर रस्त्यावरचं कुत्रं आणलं तर लिफ्ट आणि गुळगुळीत फरशी या दोन्हींची त्याला धास्ती असते. पायांखाली रबरी चटई टाका. मातीत शू करायची सवय असते, म्हणून ते फ्लॅटमध्ये दहा-दहा तास रोखून धरतं आणि मग बाल्कनीतल्या कुंडीत जातं. सुरुवातीला दर तीन तासांनी त्याच एका मातीच्या जागी न्या. दिवाळीच्या किंवा रंगपंचमीच्या आधीच्या आठवड्यात कुत्रं आणू नका. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना गेरचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा आवाज म्हणजे काय ते सांगायला नको.

चार गुणच का? कारण दत्तक देणाऱ्यांतही खोट असते. कुत्रं आधी कुणाला चावलंय हे लपवतात, सगळ्यांच्याच फोटोखाली ‘एकदम फ्रेंडली’ लिहितात, आणि तुम्ही विचार करायला दोन दिवस मागितले तर ‘मग ते रस्त्यावरच मरेल’ म्हणून गळ घालतात. दत्तक शिबिरात एकाच जाळीत ठेवलेली, लस न झालेली पिल्लं म्हणजे दुकानाचाच धोका, फक्त पैशांविना. जे ओळखपत्राची प्रत घेतात, घर बघायला येतात, भाड्याचं घर असेल तर मालकाला फोन लावतात आणि पंधरा दिवस आधी फॉस्टर म्हणून ठेवायला देतात, त्यांचा राग मानू नका. तेच खरे.

ब्रीडर: कागद पुरे असतील तर ४, कागदांऐवजी ट्रॉफ्या दाखवल्या तर १

जातिवंत पिल्लू घेणं म्हणजे पाप आहे, असं आम्ही मानत नाही. ठरावीक आकार, ठरावीक स्वभाव, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं, अशी कारणं खरी असतात. पण मग पैसे चाचण्यांसाठी द्या, नावासाठी नको.

केसीआयचा, म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो. आरोग्य सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत सगळे करतात, आणि ब्रीडर ती खुशाल होऊ देतात. लॅब किंवा जर्मन शेफर्ड घेताना आई आणि बाप दोघांच्याही खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा, तेही कुत्रं किमान वर्षाचं झाल्यावर काढून रीतसर श्रेणी दिलेले. सहा महिन्यांचं असताना काढलेली फिल्म चालणार नाही. लॅबसाठी पीआरए (हळूहळू दृष्टी घालवणारा डोळ्यांचा आजार) आणि ईआयसी (जोरात धावल्यावर कोसळण्याचा आजार) यांच्या डीएनए चाचण्याही आहेत. डॉबरमनचं हृदय वेगळं प्रकरण आहे: डीसीएम हा हृदयाचा स्नायू कमजोर करणारा आजार पुष्कळदा मधल्या वयात उघडा पडतो, म्हणून तीन वर्षांपूर्वीचा स्वच्छ रिपोर्ट आज फारसं काही सांगत नाही. आई-बापांची इको आणि होल्टर (दिवसभराच्या ईसीजीची) तपासणी दरसाल झालेली हवी. हे सगळं करणारे ब्रीडर थोडे आहेत. त्यांच्याकडे पिल्लं कायम तयार नसतात, वाट पाहावी लागते. जिथे चार जातींची पिल्लं कधीही मिळतात, तिथे परत फिरा.

आई समोर बघा, फोटोत नाही. दूध पाजणाऱ्या मादीची आचळं लोंबलेली असतात आणि केस थोडे गळलेले असतात. ती तुकतुकीत, पोट घट्ट असलेली दाखवली तर ती आई नव्हे. तिची जन्मतारीख आणि आतापर्यंतची वेतं विचारा: नियमाने मादी १८ महिन्यांच्या आत आणि ८ वर्षांनंतर वापरता येत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. पगवर कितीही जीव जडला तरी त्याच्या आईला पाच मिनिटं चालवून तिचा श्वास ऐका. चालताना घोरत असेल तर पिल्लाचा मे महिना कसा जाईल ते कळेल. इंदुरात पारा ४०च्या वर जातो. कुत्रं मुख्यतः धापा टाकून थंड होतं, आणि ज्याला धापाच नीट टाकता येत नाहीत त्याच्या दुपारी अर्धा तास वीज गेली तरी जिवावर बेततं. हस्कीबद्दल तर एवढंच, की एसीचं बिल भरायची तयारी म्हणजे जबाबदारी नव्हे.

देशी आणि जातिवंत दोन्ही हवं असणारे हल्ली मुधोळ आणि रामपूर हाउंड विचारतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात या जाती तयार होतात, त्यामुळे मध्य प्रदेशात त्यांचं अप्रूप वाढलंय. कुत्री उत्तम, पण ती नजरेने सावज हेरून धावणारी. उंच भिंतीचं मोकळं आवार नसेल तर खार दिसली की दोरीसकट जातील. ब्रीडरचे सगळे प्रश्न इथेही तेच.

‘दत्तक फुकट, जातिवंत महाग’ हा हिशेब पहिल्या दिवसापुरता. १८ किलोच्या नसबंदी झालेल्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ९८० कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य २६५ ग्रॅमच्या आसपास. ३० किलोच्या लॅबला १४३० कॅलरी, ३९० ग्रॅमच्या आसपास. महिन्याला ८ किलो आणि पावणेबारा किलो, एवढाच फरक. लसी, जंतांची औषधं, गोचिडाच्या गोळ्या दोघांनाही लागतातच, औषधांचा डोस तेवढा वजनाप्रमाणे. घरचं खाऊ घालणाऱ्यांनी कांदा-लसणाचं काही देऊ नये, म्हणजे आपले पोहे आणि लसणाची शेव दोन्ही बाद. पावसाळ्यात भुट्टा खाऊन झाला की कणसाचा बुरखुंडा झाकणाच्या डब्यात टाका. तो गिळला तर आतड्यात अडकतो आणि पोट उघडावं लागतं.

दोन डॉक्टरांची मतं जुळली नाहीत तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. १९५५ पासूनचं आहे, आणि कुत्रं घरी आणण्याआधी तिथे दाखवायलाही कुणाची हरकत नसावी. देणाऱ्याची असेल, तर उत्तर मिळालंच.

घ्यायच्या दिवशी सोबत लसीकरणाचं पुस्तक हवं, त्यात लसीच्या बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरची सही. नुसती पेनाने लिहिलेली तारीख चालणार नाही. खाद्याचं नाव आणि जंतनाशकाच्या तारखा लेखी घ्या, आणि त्याच खाद्याची आठवडाभराची पुडी मागून घ्या, कारण खाणं एकदम बदललं की जुलाब होतात. महापालिकेच्या झोन कार्यालयात नोंदणीचं काय लागतं ते आधीच विचारून ठेवा. शेवटी चिप. १५ आकडी क्रमांक दवाखान्यात स्कॅन करून कागदाशी ताडून बघा आणि ती तुमच्या नावावर करून घ्या. पुष्कळ चिपा वर्षानुवर्षं विकणाऱ्याच्याच नावावर राहतात, आणि कुत्रं हरवल्यावर फोन त्याला जातो.