व्हिक्टोरिया ३, आठ महिन्यांनंतर: अर्ध्यावर सौदा का पटत नाही?

व्हिक्टोरिया ३ हा एकोणिसाव्या शतकातला एखादा देश चालवायचा संगणक-खेळ. परवा रात्री खेळात १८९१ साल चालू होतं आणि लॅपटॉप बंद पडला. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाने मदरबोर्ड गेला म्हणून नऊ हजार सांगितले. पुढच्या गल्लीतल्या मुलाने पंख्यातली धूळ काढून, पेस्ट बदलून सहाशे रुपयांत चालू करून दिला. आठ जीबी रॅम असेल तर लक्षात ठेवा, १८८० नंतर हा खेळ रखडत चालतो. जगभरच्या माणसांच्या नोकऱ्या, पगार, स्थलांतर सगळं मोजत बसतो ना.

मी सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतला, वेगळे पैसे देऊन घ्यायचा वरचा एकही पॅक घेतलेला नाही. लढाईत मला रस नाही. इथे फौज हाताने हलवावी लागत नाही. सेनापती आघाडीवर पाठवायचा आणि परत बाजारभाव बघायला यायचं. सिव्हिलायझेशन ६ या खेळातही राजनैतिक विजय आहे, २०१९च्या विस्तार-पॅकमध्ये आला, पण तिथे शेवटी गुणच गोळा करायचे. इथे लोखंड महागलं की अवजारं महागतात आणि बांधकामाचा खर्च तिजोरीला खायला लागतो.

बेल्जियम म्हणून खेळताना कापडगिरण्या वाढवत होतो तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. ते लालबागच्या गिरणीत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कापूस कुठून आणतोस? आणि रंग?" माझं अडलं होतं ते नेमकं तिथेच.

आता माझी खरी तक्रार. ब्रिटन म्हणून खेळताना जपानला बाजार उघडायला लावत होतो. दोन्ही बाजू मित्र जमवतात, आमिषं दाखवतात, युद्धाची घटिका जवळ येते. इथवर फार सुंदर. पण माघार घेतली की मुख्य मागणी अख्खी मान्य, नाही घेतली तर युद्ध. मधलं काहीच नाही! १८५४च्या कानागावा करारात जपानने अमेरिकेला दोनच बंदरं दिली होती, शिमोदा आणि हाकोदाते. इतिहासात जमलेली तडजोड या खेळात का जमू नये? दादरच्या बाजारातसुद्धा सौदा मधल्या आकड्यावर पटतो. यासाठी मी पहिले चार महिने लोकांना सांगत होतो, घेऊ नका.

ते मत मी बदललं. जून २०२५मध्ये १.९ अपडेट आलं, फुकट, आणि करार कलमवार करता येऊ लागले. आपण ठरावीक रक्कम द्यायची, समोरच्याने आपल्या मालावरची जकात सोडायची. एक कलम काढा, दुसरं घाला, तो हो म्हणेपर्यंत. रंगाचा प्रश्न मी असाच सोडवला, एक गोळी न झाडता. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "मुदत किती?" बरोबर विचारलं. बांधील मुदत सरली की समोरचा करार मोडू शकतो, म्हणून आता मी एका वेळी दोन देशांशी बोलणी चालू ठेवतो.

जपानसारखं संकट पेटल्यावर मात्र अजूनही सगळं किंवा काहीच नाही, आणि ते मला अजून खुपतं.

सैन्य अजिबात नको असेल तर ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी हा खेळ बघा, २०१६चा आहे. मंगळावर धंदा करायचा आणि प्रतिस्पर्ध्यांचे शेअर विकत घेऊन त्यांना गिळायचं. एक डाव जेवायच्या आधी संपतो. पण तिथे कराराला बसायला समोर देश नाही. मला तो हवा असतो, म्हणून व्हिक्टोरिया ठेवलाय. पूर्ण किमतीत घेऊ नका, सेल येतोच. आणि आधी पंखा साफ करून घ्या.