रुबीचा राइट बॅरियर: सी एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांसाठी परीक्षण

डिसेंबर 2013 मध्ये रुबी या प्रोग्रामिंग भाषेच्या 2.1 आवृत्तीसोबत कोइची सासादा यांचा जनरेशनल जीसी (ऑब्जेक्टना वयानुसार नवी-जुनी ठरवून नको असलेली मेमरी झाडणारा गार्बेज कलेक्टर) आला, तेव्हा खरा पेच सी भाषेतली एक्स्टेन्शन असलेल्या जुन्या जेम्सचा, म्हणजे रुबीच्या लायब्ररींचा होता. मायनर जीसी, म्हणजे नव्या ऑब्जेक्टपुरती झटपट फेरी, जुन्या ऑब्जेक्टच्या आत डोकावत नाही. जुन्याने नव्याचा पत्ता साठवला तर ते राइट बॅरियरने कळवावं लागतं, नाहीतर वापरातलं ऑब्जेक्टही कचरा म्हणून झाडलं जातं. आणि तेव्हाच्या एक्स्टेन्शनमध्ये बॅरियर होता कुठे?

यावरची तोड झकास आहे. ज्याच्या बॅरियरची हमी नाही, ते ऑब्जेक्ट ‘अनप्रोटेक्टेड’. त्याला जुन्यांत बढती नाही. जुन्याकडून त्याच्याकडे वाट असेल, तर प्रत्येक मायनर जीसीत ते नव्याने तपासलं जातं. जुना कोड न बदलता चालतो, किंमत वेळेत मोजावी लागते. जीसीचे आकडे देणाऱ्या ‘जीसी.स्टॅट’मध्ये ‘रिमेम्बर्ड_डब्ल्यूबी_अनप्रोटेक्टेड_ऑब्जेक्ट्स’ फुगलेलं दिसलं, तर ती किंमत चालू आहे.

बॅरियर लावायचाच, तर टाइपच्या फ्लॅग्जमध्ये ‘रुबी_टाइप्ड_डब्ल्यूबी_प्रोटेक्टेड’ घाला आणि स्ट्रक्टमधली प्रत्येक ‘व्हॅल्यू’ (सी कोडमधला रुबी ऑब्जेक्टचा संदर्भ) ‘आरबी_ओबीजे_राइट’नेच लिहा. मेमकॉपी किंवा हॅश टेबलमधून लिहिलं असेल, तर लगेच प्रत्येक व्हॅल्यूसाठी ‘आरबी_ओबीजे_रिटन’ने कळवा. लिहिणं आणि कळवणं यांच्या मध्ये एकही अ‍ॅलोकेशन (नवं ऑब्जेक्ट बनवणं) नको. फ्लॅग लावून एक जागा विसरणं हे फ्लॅग न लावण्यापेक्षा वाईट. ऑब्जेक्ट तीन जीसी टिकल्यावरच जुनं ठरतं, त्यामुळे छोट्या टेस्ट हिरव्या राहतात आणि क्रॅश भलत्याच ओळीवर होतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. चाचणीसाठी सतत जीसी चालवणारं ‘जीसी.स्ट्रेस = ट्रू’ दर वेळी मेजर जीसी (जुन्यांसकट सगळ्यांची तपासणी) करतं, म्हणजे नेमकी हीच चूक झाकली जाते. ‘जीसी.स्ट्रेस = 1’ द्या, मग मेजर टळतो. जोडीला जीसीची अंतर्गत सुसंगती तपासणारं ‘जीसी.व्हेरिफाय_इंटर्नल_कन्सिस्टन्सी’ चालवा.

ॲरेच्या आतल्या मेमरीचा पॉइंटर देणाऱ्या ‘आरॲरे_पीटीआर’चा दोष मात्र माफ करण्यासारखा नाही: नुसतं वाचायला हात लावला तरी तो ॲरे मुकाट्याने कायमचा अनप्रोटेक्टेड होतो. वाचायचंच असेल तर ‘आरॲरे_कॉन्स्ट_पीटीआर’ घ्या.

रुबीचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच बॅरियर घालू नका असं सुचवतं, आणि ते बरोबर आहे. हजारोंनी तयार होऊन दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑब्जेक्टसाठीच ही मेहनत परवडते. स्ट्रक्टमध्ये एकही ‘व्हॅल्यू’ नसेल तर गोष्ट वेगळी: तिथे बॅरियरच लागत नाही, फ्लॅग बेधडक लावा.