पेटी खरी, क्रॉस खोटा : 649 युरो 49 सेंट गमावल्याचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी जर्मन अग्निशमन दलाच्या एका मानचिन्हासाठी 640 युरो आणि टपालखर्चाचे 9 युरो 49 सेंट, असे एकूण 649 युरो 49 सेंट दिले, आणि माझ्या हाती आली ती अलीकडे ओतलेली एक नक्कल. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी या छंदात नवखा नाही. माझे वडील मुंबई अग्निशमन दलात होते. दरवर्षी 14 एप्रिलला, 1944 च्या गोदीतील स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणदिनी, ते आपल्या पदकांना आम्हा मुलांचा हातही लागू देत नसत. नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत आल्यावर इथल्या स्वयंसेवी दलांची जुनी पदके जमवावीशी वाटली ती त्या आठवणीमुळे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने 1884 मध्ये सुरू केलेल्या अग्निशमन मानचिन्हाचे दोन नमुने माझ्याकडे आहेत आणि ते दोन्ही अस्सल आहेत. त्यामुळे मी डोळे मिटून पैसे दिले, असे कोणी समजू नये.

जाहिरात नाझी काळातील अग्निशमन मानचिन्हाच्या, 1938 च्या नमुन्यातील पहिल्या वर्गाच्या क्रॉसची होती. दुसरा वर्ग, म्हणजे 25 वर्षांच्या सेवेबद्दल दिला जाणारा चंदेरी क्रॉस, बाजारात सहज मिळतो. सोनेरी मुलाम्याचा पहिला वर्ग क्वचितच दिसतो. सोबत मूळ पेटी आणि सन्मानपत्रही होते. विक्रेत्याने लिहिले होते की त्याच्या आजोबांना हे सारे 1938 मध्ये एकत्रच मिळाले आणि तेव्हापासून ते कपाटातून बाहेर निघालेले नाही. छायाचित्रांत क्रॉसचा मध्यभाग कागदाच्या तुकड्याने झाकला होता. तिथे स्वस्तिक आहे आणि त्याचे जाहीर प्रदर्शन जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ खाली गुन्हा ठरू शकते, म्हणून प्रामाणिक विक्रेतेही ते झाकतात. मात्र क्रॉसवरच्या लाल ज्वाळांचा मीना (रंगीत काचेसारखा थर) आणि मधली बारीक अक्षरे, म्हणजे नक्कल जिथे हमखास उघडी पडते तोच भाग, त्यामुळे दिसत नाही. मध्य झाकलेला असेल तर क्रॉस हातात घेऊन पाहिल्याशिवाय एक युरोही देऊ नका.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगतो. तिसऱ्या छायाचित्रात पेटी उघडी होती. झाकणाच्या आतल्या पांढऱ्या साटीनवर एल-डी-ओ ही अक्षरे असलेला शिक्का होता, आणि तो मी पाहिला होता. ही जर्मन पदक-उत्पादकांची संघटना 1941 मध्ये स्थापन झाली, आणि तिचे चिन्ह दुकानात खाजगीरीत्या विकल्या जाणाऱ्या पदकांसाठी होते. 1938 मध्ये सन्मानपत्रासोबत दिलेल्या पेटीत हा शिक्का असणे शक्यच नाही. हे वर्ष मला पाठ आहे, मी स्वतः ते इतरांना सांगितले आहे. तरीही त्या संध्याकाळी शिक्का पाहून माझ्या मनात एवढेच आले की पेटी जुनी आहे, तेव्हा आतली वस्तूही जुनीच असणार. त्याच छायाचित्रात मखमलीवर वर्षानुवर्षांच्या दाबाने उमटलेली खूण स्पष्ट दिसत होती आणि ती गोल होती. चार भुजांच्या क्रॉसची खूण गोल कशी असेल? पेटी अस्सल होती, पण ती दुसऱ्याच कोणत्या तरी गोल पदकाची होती. पेटी तपासताना तिचे वय पुरेसे नाही. बिजागरी, कळ आणि साटीन यांच्याइतकेच खाचेचे माप आणि मखमलीवरची खूण आतल्या वस्तूशी जुळते का, ते पाहा.

पैसे देताना विक्रेता म्हणाला की ऑनलाइन पेमेंट सेवेतील ‘मित्र व नातेवाईक’ या प्रकाराने पाठवल्यास 655 ऐवजी 640 घेतो. पंधरा युरो वाचवण्यासाठी मी खरेदीदाराचे संरक्षण सोडून दिले. हा प्रकार अनोळखी माणसासाठी कधीही वापरू नका.

पार्सल आल्यावर दहापट भिंगाखाली सारे उघड झाले. साच्यात ठोकलेल्या पदकाची धार रेखीव असते. याच्या कडांवर ओतकामाची बारीक छिद्रे होती. भट्टीत भाजलेला मीना काचेसारखा कठीण असतो. इथे सुईचे टोक पांढऱ्या भागात सहज रुतले. सन्मानपत्रावरची ‘टंकलिखित’ अक्षरे रंगीत ठिपक्यांची होती आणि कागदावर टंकाचा दाब नव्हता. अतिनील विजेरीखाली फीत निळसर पांढरी चमकली, कारण तिच्या धाग्यात युद्धोत्तर काळात सर्रास वापरात आलेली प्रकाशवर्धक द्रव्ये होती. (आधुनिक साबणात धुतलेली जुनी फीतही अशी चमकू शकते, म्हणून केवळ या एका चाचणीवर निर्णय देऊ नये.) लेखी मतासाठी मी एका जाणकाराला आणखी 60 युरो दिले. एकूण नुकसान 709 युरो 49 सेंट.

यानंतर जे घडले त्याचा राग फसवणुकीपेक्षाही अधिक आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारला गेला तो हा, की स्वस्तिक असलेली वस्तू तुम्हाला हवीच कशाला होती. अशी वस्तू घरच्या संग्रहात ठेवणे हा गुन्हा नाही, हे मलाच त्या अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागले, आणि शेवटी त्याने तक्रार ऑनलाइन करा म्हणून परत पाठवले. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच स्वेच्छेने पाठवले आहेत. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्यांनी खाते बंद झाल्याचे कळवले आणि पुढे एकाही पत्राला उत्तर दिले नाही. चार महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयातून अकरा ओळींचे पत्र आले: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 170, परिच्छेद 2 नुसार तपास बंद, कारण वस्तू नकली असल्याचे विक्रेत्याला माहीत होते हे सिद्ध करता येत नाही. ज्याने दुसऱ्याच पदकाची पेटी, छापील सन्मानपत्र आणि आजोबांची कथा एकत्र जुळवली, त्याला माहीत नव्हते? जाणकाराचा अहवाल कोणी उघडून पाहिल्याचा एकही उल्लेख त्या पत्रात नाही. दिवाणी दाव्याचा मार्ग खुला आहे, असे मात्र लिहिले आहे. जाहिरातीतल्या ‘खाजगी विक्री, परतावा नाही’ या ओळीला घाबरू नका, दोष जाणूनबुजून लपवला असेल तर नागरी संहितेच्या कलम 444 नुसार तिचा आधार घेता येत नाही. पण त्यासाठी विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो, आणि तो मला कोणीही दिला नाही.

दोन आठवड्यांच्या मुदतीत मी त्या निर्णयाविरुद्ध हरकत नोंदवली असून भिंगाखालची नऊ छायाचित्रे जोडली आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. गेल्या रविवारी त्याच संकेतस्थळावर नव्या नावाने एक जाहिरात दिसली: तोच निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ, तोच झाकलेला मध्य, तेच आजोबा, किंमत 590 युरो. मी ती त्याच दिवशी कळवली. आज गुरुवार आहे आणि ती अजून तिथेच आहे.