एम १००८ ला मोठे टायर: गाडी किती उचलावी आणि कशी?

अमेरिकी लष्कराने १९८०च्या दशकात जनरल मोटर्सकडून घेतलेल्या सीयूसीव्ही (नागरी गाड्यांवर बेतलेल्या लष्करी गाड्यांच्या) मालिकेतला एम १००८ हा पिकअप लष्कराच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर लिलावांतून आणि खासगी विक्रीतून सामान्य माणसाच्या हाती येत गेला. तो घरी आणून चार दिवस चालवला की बहुतेक मालकांच्या मनात एकच विचार घोळू लागतो, तो म्हणजे याला मोठे टायर घालण्याचा. त्यासाठी बहुधा गाडी उचलावी लागते आणि उचलण्याचे मार्ग तीन-चार आहेत. हे मार्ग एकमेकांचे स्वस्त-महाग पर्याय नाहीत. प्रत्येकाने गाडीचे वेगळे काहीतरी बदलते, म्हणून निर्णयापूर्वी ते शेजारी शेजारी ठेवून पाहणे गरजेचे आहे.

आधी गाडी नीट समजून घेऊ. एम १००८ म्हणजे मुळात शेव्हरोलेचा नागरी के-३०. त्यात ६.२ लिटरचे व्ही-८ डिझेल इंजिन आहे, शक्ती सुमारे १३५ अश्वशक्ती, आणि त्याला तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडलेला आहे. पुढचा एक्सेल डाना ६०, मागचा जनरल मोटर्सचा चौदा बोल्टचा फुल फ्लोटिंग, त्यात दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारा डेट्रॉइट लॉकर, आणि दोन्हींचे गिअर गुणोत्तर ४.५६ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.५६ फेऱ्या). मूळ टायर २३५/८५आर१६ मापाचा, म्हणजे उंचीला पावणेबत्तीस इंचांच्या आसपास. या यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दोन्ही एक्सेल. लोक नागरी गाड्यांमध्ये बसवण्यासाठी शोधत फिरतात ते हेच एक्सेल, त्यामुळे मोठ्या टायरचा भार ते झेलतील का, ही चिंता इथे फारशी करावी लागत नाही. चिंता करायची ती स्टिअरिंगची आणि चेसिसची.

पहिला प्रश्न ‘किती इंच उचलू’ हा नसून ‘कोणता टायर हवा’ हा असला पाहिजे. पाटे (एक्सेलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलून गाडी चार इंच वर गेली तरी एक्सेल जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर राहतो, आणि खडकाला किंवा चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला सर्वप्रथम घासतो तो मागच्या एक्सेलच्या मधला डिफरन्शियलचा गोळाच. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि तोही उंचीतल्या वाढीच्या निम्म्याने. पस्तीस इंची टायर घातला तर डिफरन्शियलखाली मिळतात अवघे दीड-पावणेदोन इंच. उचलण्याचे काम एवढ्याचपुरते आहे की तो टायर मडगार्डला न लागता वळावा आणि उसळावा.

गिअरचा हिशेब या गाडीपुरता तरी सुखद आहे. ४.५६ या गुणोत्तरामुळे मूळ टायरवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला ३१०० फेऱ्यांच्या वर ओरडत असते, ताशी ५५ मैलांना सुमारे २६५० फेऱ्यांवर. पस्तीस इंची टायरवर ५५ मैलांचा आकडा २४०० च्या आसपास येतो, सदतीस इंचीवर २३०० च्या थोडा खाली. वेगळ्या शब्दांत, पस्तीस इंची टायर घातलेली गाडी ४.१० गुणोत्तराच्या गाडीसारखी वागते, सदतीस इंचीवाली ३.९० सारखी. बहुतेक गाड्यांत मोठे टायर घातले की गिअर बदलण्याचा मोठा खर्च पाठोपाठ येतो, इथे तो टळतो. मात्र इंजिनाची ताकद १३५ अश्वशक्तीच आहे हे विसरू नये, कारण मागे ट्रेलर आणि समोर चढ असेल तर सदतीस इंचीवर ती कमी पडल्याचे लगेच जाणवते.

आता मार्ग. सर्वांत साधा मार्ग गाडी न उचलण्याचा आहे, आणि त्याला मिळतो त्याहून बराच जास्त मान मिळायला हवा. २५५/८५आर१६ हा टायर उंचीला तेहतीस इंच असतो, पण रुंदीला मूळ टायरपेक्षा फार वेगळा नसतो. मूळ रिमवर तो बसतो, मूळ पाट्यांवर चालतो आणि अरुंद असल्यामुळे पूर्ण वळवल्यावरही पाट्यांपासून लांब राहतो. शेतावरची ये-जा, जंगलातली चिखलाची वाट, हिवाळ्यातला बर्फ एवढाच वापर असेल, तर मी याच्यापुढे जाण्याचा सल्ला देणार नाही. कुठे मडगार्डच्या कडेला लागत असेल तर तेवढी कड कापता येते. कापताना एक काळजी घ्यावी. या गाड्यांवर रासायनिक अस्त्रांना तोंड देणारा लष्करी रंग असू शकतो आणि त्याखालच्या प्रायमरमध्ये क्रोमियमची संयुगे असू शकतात. ग्राइंडर लावण्यापूर्वी योग्य फिल्टरचा मास्क घालावा आणि धूळ घरात नेऊ नये.

दुसरा मार्ग पस्तीस इंची टायरचा. पुढे चार इंच उंचीचे नवे पाटे आणि मागे शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) उलटवणे, ही यासाठीची रुळलेली जोडी आहे. मागच्या पाट्यांची मूळ रचना अशी की शॅकल चेसिसवरच्या खालच्या टोकापासून वर पाट्याकडे जाते. उलटवण्याच्या किटमध्ये नवा ब्रॅकेट येतो, शॅकल खाली लोंबू लागते, आणि मूळ पाटे तसेच ठेवूनही मागची बाजू सुमारे चार इंच वर येते. एक्सेल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगले आहे, कारण ठोकळ्यामुळे जोर देताना एक्सेल स्वतःभोवती पिळला जातो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. मागे कारखान्यातून आलेला ठोकळा असेल तर त्यावर दुसरा कधीही रचू नये. पुढच्या एक्सेलवर तर ठोकळा मुळीच नको: वळणारे आणि ब्रेकचा मोठा भार घेणारे चाक अशा सुट्या तुकड्यावर टेकवणे जिवावर बेतू शकते.

या मार्गातला खरा खर्च स्टिअरिंगमध्ये आहे. मूळ ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) स्टिअरिंग बॉक्सकडून त्याच बाजूच्या चाकाकडे, जवळजवळ गाडीच्या लांबीच्या दिशेने जाते. गाडी चार इंच वर गेली की ती तिरकी होते, आणि पुढचे चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग आपोआप फिरते. उंच स्टिअरिंग आर्म लावून हे कमी करता येते. ड्रॅग लिंक आडवी नेऊन पलीकडच्या चाकाला जोडणारे क्रॉसओव्हर स्टिअरिंग हा त्याहून पक्का उपाय आहे. १९७३ ते १९८७ च्या या शेव्हरोले गाड्यांचा एक जुना दोष असा की स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो तिथे चेसिसला तडा जातो, आणि मोठ्या टायरच्या ओढीने तो लवकर जातो. माझ्या गाडीवर हे मी बोटाने चाचपून पाहिले आहे. ओहायोच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चेसिसवर गंजाचे पापुद्रे धरले होते. तारेचा ब्रश मारून ते काढल्यावर वरच्या बोल्टपासून निघालेली, केसाइतकी बारीक, करंगळीच्या पेराएवढी रेघ दिसली. दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवायला सांगितले तेव्हा ती रेघ उघडझाप करत होती. वेल्डिंग आणि बॉक्सच्या मागे मजबूत ब्रेस (आधाराची पट्टी), एवढ्यावर काम भागले, पण ते पाटे विकत घेण्याआधी झाले याचे मला आजही समाधान वाटते. तिथे तडा नसला तरी ब्रेस लावावा.

याशिवाय ब्रेकचे रबरी होज लांब करावे लागतात. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सेलला इंजिनाची ताकद नेणारा दांडा) चाक पूर्ण खाली लोंबल्यावर पुरतो का हे मोजावे लागते, आणि मागच्या शाफ्टचा कोन तपासून पाचर घालावी लागते, नाहीतर गाडी विशिष्ट वेगाला थरथरते. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या डिझेल गाडीत ब्रेकची मदत व्हॅक्यूमने नव्हे, पॉवर स्टिअरिंगच्याच पंपाने मिळते. मोठ्या टायरमुळे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींचे काम वाढते आणि ते वाढते एकाच पंपावर, म्हणून झिजलेला पंप आणि जुने होज याच वेळी बदलून घ्यावेत.

तिसरा मार्ग बॉडी लिफ्ट, म्हणजे पाट्यांना हात न लावता केबिन आणि चेसिस यांच्यामध्ये दोन-तीन इंची गुटके घालणे. शाफ्टचे कोन आणि स्टिअरिंगची भूमिती यात बदलत नाही, हा त्याचा गुण. पण रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि पंखा इंजिनाबरोबर खाली राहतो, त्यामुळे पंख्याचे आवरण हलवावे लागते. स्टिअरिंगचा दांडा, गिअरची जोडणी, डिझेल भरण्याची नळी सगळेच ताणले जाते. चाळीस वर्षांचे गंजलेले बोल्ट तुटतात ते वेगळेच. ज्या गाडीने मुळात भार वाहावा म्हणून जन्म घेतला तिच्यासाठी मला हा मार्ग पटत नाही.

चौथा मार्ग सहा इंच उचलून सदतीस इंची टायर घालण्याचा. त्याचे आकर्षण मुख्यतः अमेरिकी लष्कराच्या हमव्ही गाडीमुळे आहे, कारण हमव्हीचे ३७×१२.५०आर१६.५ टायर लष्करी निर्लेखनातून मिळतात आणि तिच्या चाकाचे आठ नटांचे माप एम १००८ शी जुळते. पण हमव्हीचे रिम इतके आत बसते की ते जसेच्या तसे इथे चालत नाही. मधली तबकडी कापून पुन्हा योग्य जागी वेल्ड केलेली रिम्स घ्यावी लागतात. आणि एक इशारा ठळकपणे: १६.५ इंची रिमवर १६ इंची टायर कधीही चढवू नये. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण रिमच्या कडेचा उतारच वेगळा असतो आणि हवा भरताना टायर फुटून माणसे मेली आहेत. सहा इंचांवर पुढच्या शाफ्टचा कोन बराच तीव्र होतो, क्रॉसओव्हर स्टिअरिंग ऐच्छिक राहत नाही, गुरुत्वमध्य वर जातो, आणि हौद्यात पोते टाकायला खांद्याच्या वर हात न्यावे लागतात. खोल चिखल आणि खडक हाच ज्यांचा छंद आहे त्यांनी हा मार्ग खुशाल घ्यावा. रोज सामान वाहणाऱ्याने घेऊ नये.

माझा कल स्पष्ट आहे. कामाच्या गाडीला न उचलता तेहतीस, आणि कामाबरोबर डोंगरवाटाही हव्या असतील तर चार इंच आणि पस्तीस. पैसे अपुरे असतील तर क्रम असा ठेवावा: आधी चेसिसचा ब्रेस, मग स्टिअरिंग, मग पाटे, आणि टायर शेवटी. उलट्या क्रमाने गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या दिसतात भारदस्त, पण महामार्गावर त्यांना सरळ ठेवताना दोन्ही हात आणि सगळे लक्ष खर्च होते.

उचलण्याच्या उंचीचे नियम अमेरिकेत प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी वाचावेत. महाराष्ट्रात जुन्या जोंगावर (भारतीय लष्करातल्या जीपवर) असा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ पाहावे, कारण उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर जाणारे फेरफार तिथे चालत नाहीत.

काम झाल्यावर स्पीडोमीटर दुरुस्त करून घ्यावा, कारण पस्तीस इंचीवर तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ मैलांनी धावत असते. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी, कारण मागच्या एक्सेलवर लहान स्टेपनी लावली तर डेट्रॉइट लॉकर दोन्ही चाकांशी सतत भांडत राहतो. हेडलाइटचा झोत खाली आणावा. आणि पहिल्या शंभर मैलांनंतर पाट्यांचे यू बोल्ट टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळावेत. नवे पाटे बसू लागले की ते सैल पडतातच.