'मस्ट' तक्ता: बारीक आणि जाड, दोन्ही पेशंटांना पुरतो का?

ब्रिटनच्या 'बापेन' संस्थेनं २००३ साली आणलेला 'मस्ट' हा कुपोषणाचा धोका ओळखायचा तक्ता. लागतं ते वजनकाटा, उंचीपट्टी आणि टेप. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २० च्या वर असेल तर शून्य, १८.५ ते २० ला एक, त्याखाली दोन. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप उतरलेलं वजन ५ ते १० टक्के असेल तर एक, त्याहून जास्त असेल तर दोन. बेरीज दोन झाली की डायटिशियनला कळवायचं.

याची खरी किंमत कळते ती जाड पेशंटमध्ये. १६० सेंटिमीटर उंचीची बाई ९२ वरून ८२ किलोवर आली. बीएमआय अजून ३२, म्हणजे बघणाऱ्याला खात्यापित्या घरची. पण उतार जवळपास ११ टक्के, म्हणजे थेट दोन गुण. 'एमएसटी' या अशाच दुसऱ्या तक्त्यात दोनच प्रश्न असल्यानं काम झटपट होतं, पण त्यात उतार किलोत मोजतात. ४२ किलोच्या म्हातारीचे चार किलो गेले तर एकच गुण, आणि ९५ किलोवाल्याचे सहा गेले तर दोन. कोकणातल्या काटक म्हाताऱ्यांसाठी हा हिशेब उफराटा आहे.

बारीक पेशंटमध्ये 'मस्ट' उलट जरा जास्तच ओरडतो. "पयल्यापासूनच बारीक आसा" असं नातेवाईक सांगतात, ते खरंही असतं, तरी १८.५ खाली दोन गुण पडतातच. पडू द्यावेत, अशा अंगात आजार झेलायला शिल्लक कमी असते.

भागाकार जुन्या वजनानं करायचा. ६३ वरून ६० म्हणजे ४.८ टक्के, शून्य गुण. चुकून ६० नं भागलं की ५ टक्के आणि एक गुण. जुनं वजन माहीत नसेल तर बांगड्या, पोलकं, पट्ट्याचं भोक यांबद्दल विचारावं. पायांवर सूज किंवा जलोदर असेल तर काटा फसवतो, तिथे दंडाचा घेर घ्यावा: २३.५ सेंटिमीटरखाली बीएमआय बहुधा २० च्या आतच. उभं राहता न येणाऱ्यांची उंची कोपर ते मनगटाच्या हाडावरून काढता येते, पण तो तक्ता तिकडच्या अंगलटीचा, म्हणून अंदाजच समजावा.

'मस्ट'ची मोठी उणीव तिसऱ्या पायरीत, म्हणजे आजाराच्या गुणांत. पेशंट तीव्र आजारी असेल आणि पाच दिवसांहून जास्त पोटात काहीच गेलं नसेल, किंवा जाण्याची शक्यता नसेल, तरच दोन गुण. पावसाळ्यात लेप्टोच्या तापात आठवडाभर नुसत्या पातळ पेजेवर असलेला माणूस इथे शून्यावर सुटतो, कारण घरचे म्हणतात, "जेवतात की!" 'एनआरएस २००२' हा आणखी एक तक्ता मात्र गेल्या आठवड्यात नेहमीच्या किती टक्के खाल्लं ते विचारतो. तापाच्या वॉर्डात तोच घ्यावा. बाकी वॉर्डांत 'मस्ट' चालेल, पण आकडा केसपेपरवर लिहून दर आठवड्याला पुन्हा काढला तरच.