टॉगल ट्रॅक: फुकटातला कारकून, पण लक्ष ठेवावं लागतं

घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम (म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्यांची ऑफिसची कामं) करणाऱ्यांना तासांचा हिशेब ठेवायला टॉगल ट्रॅक या वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपचा फुकट प्लॅन पुरतो. ५ जणांपर्यंत पैसे लागत नाहीत. प्रत्येक क्लायंटचं प्रोजेक्ट वेगळं ठेवा आणि टायमर लावतानाच काम लिहा: 'इनबॉक्स, ४० ईमेल'. नुसतं 'ईमेल' लिहिलं की महिनाअखेरीला बिलावर प्रश्न आलाच.

खरी गोची टायमर बंद करायला विसरण्याची. जेवायला उठलात की तो तास क्लायंटच्या माथी! डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये आयडल डिटेक्शन (कीबोर्ड-माउस थांबलेत हे ओळखणारी सोय) चालू करून मर्यादा ५ मिनिटं ठेवा. परत आल्यावर मधला वेळ ठेवायचा की काढायचा, हे ते विचारतं.

ताशी दराचं गणित मात्र पैसे भरल्यावरच मिळतं. ते एक्सेलमध्ये उरका: १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५, १.३० नव्हे.