डायलिसिसच्या चार तासांत वाचलेलं: तीन मोफत संशोधन-दालनांबद्दल

बाबांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला केंद्रावर पोचायचं, वजन करायचं, फिस्तुलात, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीत, दोन सुया लागल्या, मशीन सुरू झालं की पुढचे चार तास मी बाहेरच्या बाकावर. पहिले दोन महिने नुसती बसून राहिले. मग मोबाइलवर वाचायला लागले. आता दीड वर्ष झालं. मी मडगावला मराठी शिकवते, जुन्या गोमंतकीय मराठीवर थोडं काम करते. पण कोणत्याही विद्यापीठाचं लॉगिन माझ्याकडे नाही. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला खरं संशोधन किती वाचायला मिळतं, ते या तीन ठिकाणांच्या अनुभवावरून सांगते.

सर्वांत आधी पबमेड सेंट्रल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 2000 साली सुरू केलेला हा साठा. आधी नोंदणी नको, पैसे नकोत, निबंध पूर्ण वाचता येतो. शोधायला पबमेड ही निबंधांची सूची वापरा, आणि निबंध फुकट आहे की नाही ते बाजूच्या खुणेवरून बघून घ्या. जे निबंध प्रकाशकाकडे विकत मिळतात, त्यांतल्या कितीतरी निबंधांची लेखकांनी दिलेली छपाईआधीची प्रत इथे असते. दिसायला साधी, टाइप केलेली, तक्ते सगळे शेवटी. मजकूर तोच.

याचा उपयोग काय झाला, ते आकड्यांतच सांगते. बाबांचं ड्राय वेट 58 किलो. म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असायला हवं ते. गेल्या चवथीला घरात पाहुणे, पातोळ्या, खतखतें, सोलकढी, आणि कोणी ‘घोटभरच’ म्हणून दिलेलं पाणी. मंगळवारी वजन भरलं 61.3. म्हणजे चार तासांत 3.3 लिटर पाणी काढायचं. त्या दिवशी बाबांना पायात असे पेटके आले की ते ओरडले. रक्तदाब घसरला, बाक सोडून मी आत धावले.

तेव्हा केंद्रात मी विचारलं की पाणी फार वेगाने काढलं का. ‘तुम्हाला त्यातलं कळायचं नाही’ हे उत्तर मिळालं. केंद्राचं नाव मी लिहीत नाही, आता आम्ही दुसरीकडे जातो. पण ते वाक्य मनात राहिलं. घरी येऊन शोधलं तेव्हा 2011 चा एक निबंध सापडला. 1,846 रुग्णांच्या माहितीवर केलेला. तासाला, शरीराच्या दर किलो वजनामागे 13 मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढलं गेलेल्या रुग्णांत एकूण मृत्यूंचं आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. 3,300 भागिले चार, भागिले 58. वहीच्या मागच्या पानावर मी गणित केलं. उत्तर 14.2.

इथे एक सावधगिरी. त्या निबंधात दोन गोष्टींचा संबंध दिसला आहे. वेगामुळेच ते घडलं, असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि लेखकांनीही हात राखून लिहिलं आहे. म्हणून मी तो निबंध डॉक्टरांना ‘दाखवायला’ नेला नाही. विचारायला नेला. नव्या केंद्रातल्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी, तो वाचला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की ज्या दिवशी वजन जास्त भरेल त्या दिवशी अर्धा तास वाढवू. साडेचार तास धरले तर तेच 3.3 लिटर 12.6 च्या वेगाने निघतं. आणि खरा उपाय मीठ कमी करणं, कारण मीठ खाल्लं की तहान लागणारच. हे दीड वर्षात मला कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. प्रश्न नीट विचारता आला म्हणून उत्तर नीट मिळालं, असं मला मनापासून वाटतं.

बाबा मूळचे दक्षिण गोव्यातल्या काणकोणचे. तिथल्या मूत्रपिंडाच्या विकारावरही शोधलं. भूजलातलं सिलिका आणि शिसं यांच्याकडे संशयाने बघणारा 2017 चा निबंध आहे. त्याचा सारांश वाचायला मिळाला, आतला मजकूर पैशांच्या दाराआड. ज्या गावच्या माणसांबद्दल लिहिलं आहे त्यांनाच तो वाचता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं. अशा वेळी लेखकांना मेल करावा. दुसऱ्या एका विषयावर मी तसं केलं, आणि दुसऱ्याच दिवशी पीडीएफ आली.

एवढंच म्हणेन की सगळं इंग्रजीत आहे. मराठीत चार ओळींचा सारांश दिला असता तर बाकावर बसणाऱ्या कितीतरी जणांना वाचता आलं असतं.

दुसरं दालन आकाशाचं. अर्काइव्ह (arXiv), संशोधक आपले निबंध मोफत ठेवतात ते संकेतस्थळ. उच्चार तसाच, पण स्पेलिंगमध्ये मधे एक्स. पॉल गिन्सपार्ग यांनी 1991 मध्ये सुरू केलं, 2001 पासून कॉर्नेल विद्यापीठाने सांभाळलं. बहिणीच्या मुलाकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे. गेल्या नोव्हेंबरात गच्चीवर त्याने शनी लावला आणि म्हणाला, “मावशी, कडं गेलं कुठे?” मी बघितलं तर मण्यातून सुई आरपार काढल्यासारखी एक रेघ. कडी काठाच्या बाजूने आपल्याकडे वळली होती. 2 लाख 80 हजार किलोमीटर पसरलेली कडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा मीटर जाड, त्यामुळे काठाने बघितली की नाहीशीच होतात. 1612 मध्ये गॅलिलिओही असाच गोंधळला होता.

तो अकरावीत आहे. मी त्याला अर्काइव्हवर शनीच्या नव्या चंद्रांबद्दलचा निबंध काढून दिला. मार्च 2025 मध्ये एकदम 128 चंद्रांची भर पडून शनीचे चंद्र 274 झाले. एकामागून एक घेतलेली छायाचित्रं चंद्राच्या अपेक्षित वेगाने सरकवून एकमेकांवर ठेवायची, म्हणजे अंधुक ठिपका उजळतो. ही युक्ती त्याला आकृतीवरून कळली, गणित कळलं नाही. तेवढं पुरे. लक्षात ठेवा, इथले निबंध बहुधा तज्ज्ञांच्या तपासणीआधीच येतात. आकाशासाठी चालेल. औषधाच्या बाबतीत असं कच्चं वाचून काहीही करू नका.

तिसरं माझ्या जिव्हाळ्याचं, जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं ओवीबद्ध मराठी काव्य, 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. मडगावहून रायतूर हाकेच्या अंतरावर, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज उरलेली नाही. हस्तलिखितांवरून सल्दान्हा यांनी 1907 मध्ये मंगळुरूला काढलेली रोमन लिपीतली आवृत्ती तिथे पूर्ण वाचता येते. मराठी ओवी, पोर्तुगीज वळणाची अक्षरं. ‘पुराण’ मधला ण दोन एन लावून, ‘देवा’ मधला व चक्क यू ने. म्हणून शोधचौकटीत आजच्या स्पेलिंगने शब्द टाकला तर काही हाती लागत नाही. दोष कोणाचा नाही, लेखन चारशे वर्षांपूर्वीचं आहे.

पण मूत्रपिंड आणि शनी यांच्यासाठी जशी दारं उघडी आहेत, तशी आपल्या मराठी संशोधनासाठी नाहीत. जुन्या नियतकालिकांतले लेख पडद्यावर फारसे येतच नाहीत. त्यासाठी मी डायलिसिस नसलेल्या दिवशी कदंबाच्या बसने पणजीला जाते. स्टँडवर उतरून चालत पाटो भागात, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात. 1832 पासूनचं हे ग्रंथालय. तिथल्या बांधीव फाइली समोर आल्या की मोबाइल पिशवीत जातो.

बाबा मशीनवरून विचारतात, “कितें वाचता गो?” मी पुराणातली एखादी ओवी वाचते, ते पुढचा शब्द ओळखायचा प्रयत्न करतात. रोमन रूप आणि शेजारी देवनागरी, अशी शब्दांची यादी आम्ही दोघं मिळून करतोय. साडेतीनशे शब्द झाले. त्यावर काम करणाऱ्या कोणाला हवी असेल तर कळवा, आहे तेवढी पाठवीन.